मानाचे देणे
(कठियाच्या दृष्टांतावरून काही विचार)

दृष्टांतपाठातील कठियाचा दृष्टांत आपल्या मार्गातील लहानथोर सर्वांस परिचित आहे. कोणी एक कठिया देवळाची झाडलोट करीत असे. सडासंमार्जन करावे, परिसर स्वच्छ राखावा, हा त्याचा नित्यक्रम. त्याचे काम पाहून लोक त्यास भले म्हणू लागले. ती स्तुती त्याला गोड लागली, आणि पुढे तो झाडू लागला तो त्या गोडीसाठीच. हात तेच, केरसुणी तीच, देऊळही तेच. परंतु कर्मामागचा हेतू पालटला आणि हेतूबरोबर फळही पालटले. देवाची सेवा म्हणून जे घडत होते, त्याचे फळ अखेरीस कीर्ती एवढेच उरले. म्हणूनच 'कीर्ती कठियाचा दृष्टांत' या नावाने तो ओळखला जातो.

या दृष्टांताचे निरूपण आपण बहुधा भिक्षुकाच्या बाजूने करतो. आचारात अभिमान शिरला की आचाराचा प्राण जातो, हे त्याचे सार आपण सांगतो, आणि ते यथार्थच आहे. मीही अनेक वर्षे प्रवचनातून हेच सांगत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान आश्रमात एक प्रसंग घडला आणि या दृष्टांताची दुसरी बाजू विचारात घेणे मला भाग पडले.

त्या दिवशी आश्रमात उपहार होता. देणगीदारांची नावे वाचण्याचे काम मजकडे सोपविले होते. मी कागद हाती घेऊन एकेक नाव वाचीत होतो. नावापुढे रक्कम वाचीत होतो. ज्याची रक्कम मोठी त्याला शाल व श्रीफळ देण्यात येत होते. पंगत बसली तेव्हा हीच मंडळी पहिल्या ओळीत होती. त्या गावातील एक वृद्ध उपदेशी बाई तीन दिवस आश्रमात राबत होती. तिने अंगण सारवले, पाणी वाहिले आणि इतर बायकांसह पळसाच्या वाळल्या पानांच्या शेकडो पत्रावळी बांबूच्या बारीक काड्यांनी टाचल्या. ती जेवली सर्वांत शेवटी. निघताना दंडवत घालून तिने मला विचारले, "बाबाजी, तुमी वाचल्या त्या कागदावर नाव याले का करा लागते जी?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखाद्या कचेरीत अर्ज कोठे द्यावा असे विचारावे, तितक्या सरळपणे तिने विचारले. मी हसून म्हणालो, "आई, तुझे नाव देवाच्या वहीत आहे." तिचे समाधान झाले. ती गेली. माझे समाधान मात्र झाले नाही, कारण वही देवाची असली तरी कागद माझ्या हाती होता.

तिने नावाची हाव धरली असती, तर कठियाचा दृष्टांत सांगून मला तिला सावध करता आले असते. परंतु तिने हाव धरली नव्हती. आमच्या कागदाचा नियम काय, एवढेच विचारले होते. त्या नियमाचे प्रामाणिक उत्तर 'पैसा' असे होते, आणि ते उच्चारण्याचे धैर्य मजजवळ नव्हते. दृष्टांतातील लोकांनी निदान प्रत्यक्ष झाडणाऱ्याला भले म्हटले. आम्ही केरसुणीला हात न लावणाऱ्याला भले म्हणत होतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : मान घेणाऱ्याचा दोष दृष्टांताने दाखविला, मान देणाऱ्याचा काही धर्म आहे की नाही?

संपत्तीने मिळणारा मान आणि श्रमाने मिळणारा मान यांच्या स्वरूपातच भेद आहे. झाकून ठेवलेले द्रव्य कोणासही मान मिळवून देत नाही. ते दाखवावे लागते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1899 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला, की धनिकांचा पुष्कळसा व्यय उपभोगासाठी नसून इतरांच्या डोळ्यांसाठी असतो. आपल्याकडे हे सांगण्यास ग्रंथाची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणींसाठी जमिनी गेल्या आणि मोबदल्याची रक्कम हाती आली, तेव्हा पुष्कळ घरांत ती रक्कम शेतीत वा शिक्षणात न जाता मोटारीत, मांडवात आणि वाजंत्रीत गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या कुटुंबांस हसण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कोणी खुर्ची दिली नाही, त्यांना पैसा हाती येताच खुर्ची मिळू लागली. पैसा दिसेनासा झाला की खुर्चीही जाते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तो दिसत राहील अशी व्यवस्था त्यांनी केली. जी रीत जगाने शिकविली, तीच ते शिकले.

संपत्तीच्या मानाचे दुसरे लक्षण असे, की संपत्ती हस्तांतरित होते आणि मानही तिच्यामागून चालू लागतो. झाडीपट्टीत याचे मोठे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुने तलाव आहेत. सरकारी दप्तरात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लोक 'मामा तलाव' म्हणतात. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली. मालगुजाराच्या वाड्यासमोर जोडे हाती घेऊन चालणारी माणसे त्यानंतर जोडे घालून चालू लागली. वाडे पडले, कित्येकांच्या जागी आज झुडपे आहेत. तलाव मात्र पुष्कळ ठिकाणी अजून भरतात आणि त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजतात. हे तलाव बांधण्याच्या विद्येत कोहळी समाज पूर्वीपासून निष्णात होता. पाळ कोठे घालावी, पाणी कोठून वळवावे, सांडवा कोठे ठेवावा, हे त्या लोकांनी जमीन वाचून ठरविले; आणि माती वाहिली ती गावोगावच्या मजुरांनी. मान मालगुजाराबरोबर मावळला, श्रम पाण्याच्या रूपाने राहिला.

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. संपत्तीचा मान खोटा, श्रमाचा मान खरा. म्हणून श्रम करा, मान आपोआप मिळेल, असा उपदेश करून मोकळे होता आले असते. परंतु त्याच तलावांचे नाव पुन्हा एकदा पाहावे. ज्याने पाळ घातली त्याचे नाव तलावाला नाही. ज्याच्या मालकीचा होता त्याचे आहे. श्रमाने मान मिळतोच, हे विधान झाडीपट्टीतील कोणा मजुरापुढे करून पाहावे. वैशाखात पहाटे उठून तेंदूची पाने तोडावयाची, घरी आणून 70 पानांचा एक असे पुडे बांधावयाचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यावयाचे, याला श्रम म्हणतात. त्या रानात वाघ आहे. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. आषाढात गुडघाभर चिखलात उभे राहून, कंबर वाकवून पऱ्ह्यांची रोवणी करावयाची, याला श्रम म्हणतात. हे श्रम करणाऱ्यांना गावच्या सभेत कोणत्या ओळीत जागा मिळते? सर्वांत अधिक राबणारा माणूस सर्वांत मागे बसतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. तेव्हा 'श्रमाने मान मिळवा' हा उपदेश अपुरा आहे. श्रम पुष्कळांनी केला आहे. मान देणाऱ्यांनी आपले काम केलेले नाही.

या दृष्टीने वरोरा येथील आनंदवनाचा इतिहास मननीय आहे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाट येथील एका जमीनदार घराण्यात झाला. तारुण्यात त्यांना मोटारीचा आणि शिकारीचा शौक होता. पुढे ते वरोऱ्यास वकिली करू लागले. संपत्तीने मिळणारा मान त्यांच्या वाट्याला जन्मतःच आला होता. तो त्यांनी टाकला. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी मैल्याच्या टोपल्या स्वतः वाहिल्या. पुढे पावसात रस्त्याच्या कडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णास पाहून ते प्रथम भयाने मागे फिरले आणि नंतर परत येऊन त्याची सेवा केली. ते भय त्यांनी लपविले नाही, उलट तेच आपल्या कार्याचे कारण म्हणून सांगितले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 साली विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. जमीन खडकाळ, रान माजलेले. जवळ 14 रुपये, सोबत सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय, असा तो आरंभ सांगितला जातो.

त्या काळी कुष्ठरुग्णास भीक मिळत असे. लोक दुरून पैसा टाकीत, शिळे अन्न ठेवीत. अशा दयेवर तो कसाबसा जगू शके. परंतु त्याच्याशी कोणी व्यवहार करीत नसे. व्यवहार करणे म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानणे होय. आनंदवनातील झडलेल्या बोटांच्या हातांनी विहीर खणली, रान साफ केले, भाजीपाला पिकविला. तरीही आरंभी गावचा बाजार ती भाजी घेण्यास कचरत होता. म्हणजे श्रम झाला होता, पीक उभे होते, आणि मान तरीही आला नव्हता. पन्नासच्या दशकात परदेशातून श्रमदानासाठी काही तरुण स्वयंसेवक तेथे आले. ते रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून राबले, त्यांच्यासोबत राहिले, तेथीलच अन्न जेवले. हळूहळू गावचेही भय ओसरले आणि भाजी विकली जाऊ लागली. 1964 साली आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले. ज्यांच्या सावलीची भीती वाटे, त्यांनी उभारलेल्या भिंतींच्या आत निरोगी घरांतील मुले शिकावयास येऊन बसली.

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. दानाने भूक भागली तरी मान मिळत नाही. त्यासाठी श्रमाचा आधार लागतो, ही पहिली. आणि श्रम उभा राहिला तरी तो पाहणारा, त्याच्या शेजारी येऊन बसणारा कोणीतरी पहिला माणूस लागतो, ही दुसरी. बाजार बदलण्यापूर्वी कोणीतरी त्या पंगतीत बसले होते. आपण आनंदवनाची कथा सांगताना पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी विसरतो.

याच प्रदेशातील दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहान गावाचे आहे. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेस ठेवते. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 साली या गावास सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनविभाग देईना. बांबू हे गवत की इमारती लाकूड, असा तो वाद होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे 2013 साली या गावाने ग्रामदान करून आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या.

कालपर्यंत जो बांबूतोडीवरील मजूर म्हणून ओळखला जाई, तो त्या दिवशी वनाचा राखणदार आणि धनी म्हणून उभा राहिला. हात तेच, कोयता तोच, बांबूचे रांजीही तेच. कठियाच्या दृष्टांतात करणाऱ्याचा हेतू पालटला आणि कर्माचे मोल उतरले. येथे पाहणाऱ्याची दृष्टी पालटली आणि त्याच कर्माचे मोल वाढले. या गावाने त्यासाठी संपत्तीचे कोणतेही प्रदर्शन केले नाही. उलट खासगी मालकीची खूणच पुसून टाकली. वर्षानुवर्षे सभेत बसून, अभ्यास करून, वाट पाहून जे श्रम त्यांनी केले, ते अखेर जगाला पाहावे लागले.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. कर्म ज्या हेतूने घडते त्या जातीचे फळ ते देते. पोटासाठी राबला त्याला पोटापुरते मिळते, कीर्तीसाठी राबला त्याला कीर्ती मिळते. आणि कीर्ती ही नाशिवंत फळांपैकीच एक आहे. परमेश्वराच्या प्रीत्यर्थ जे घडले त्याचीच जात निराळी. हा विचार आपल्या आचारप्रकरणांचा पाया आहे. म्हणून राबणाऱ्याने मानाच्या आशेने राबू नये, हे खरेच. परंतु हा उपदेश कोणी कोणास करावा, याचा विवेक हवा. ज्याच्या पुढ्यात मानाचे ताट रोज येते, त्या भिक्षुकाला हा दृष्टांत औषध आहे. ज्याला जन्मात कोणी ताट वाढलेच नाही, त्याला 'जेवणाची आसक्ती धरू नकोस' असे सांगणे ही क्रूरता आहे. मी त्या बाईला देवाच्या वहीचे उत्तर दिले, तेव्हा माझ्याकडून हेच घडले. तिच्यासाठी नसलेला उपदेश मी तिला दिला आणि माझ्यासाठी असलेला स्वतः घेतला नाही.

आपल्या मार्गाचा आरंभ आठवावा. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी प्रधानाच्या घरचे. घोडे, सेवक, अलंकार यांची तेथे वाण नव्हती. द्यूतातील देणे फेडण्याच्या वेळी घरातल्याच अलंकारांचा प्रश्न आला आणि द्रव्यावर उभ्या असलेल्या नात्याचे बळ किती, हे उघड झाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले. वाटेत एकेक करून परिवार मागे ठेवला आणि ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध आले ते एकटे. त्यानंतर महाराष्ट्राने त्यांच्यापुढे मस्तक नमविले ते कोणत्याही वैभवाकडे पाहून नव्हे. म्हाइंभट सराळ्याचे, विद्वान आणि संपन्न. विद्येचा आणि द्रव्याचा असे दोन्ही मान त्यांच्याजवळ होते. ते दोन्ही खाली ठेवून ते पुढे लीळा गोळा करीत हिंडले. ज्याने जे पाहिले ते त्याला विचारीत राहिले. लीळाचरित्र हा ग्रंथ त्या पायपिटीचे फळ आहे. त्यात पंडिताची आठवण आणि सामान्य स्त्रीपुरुषाची आठवण यांना सारखीच जागा मिळाली. मान कसा द्यावा, याचा तो वस्तुपाठच म्हणावा लागेल. आठवण कोणाची यापेक्षा ती खरी आहे का, हे त्यांनी पाहिले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वाचकाच्या मनात केव्हाच आला असेल. श्रमाविषयी बोलण्याचा अधिकार भिक्षेवर जगणाऱ्याला आहे काय? पश्चिमेकडे सहाव्या शतकात बेनेडिक्ट या साधूने आपल्या मठवासीयांसाठी जे नियम घातले, त्यांत रोजचे अंगमेहनतीचे काम सांगितले आहे. आपल्या शेजारी सेवाग्रामास गांधीजींनी शरीरश्रम हे अकरा व्रतांपैकी एक मानले. आपला मार्ग भिक्षुकास आटन, विजन, भिक्षा आणि स्मरण सांगतो. शेती सांगत नाही. यात उणेपणा आहे, असे मला वाटत नाही. पण ऋण मात्र आहे. झोळीत पडणारा घास कोणाच्या तरी कंबरेतून आलेला असतो. आणि झोळीची रीतच अशी, की दहा घरचे अन्न तिच्यात एक होते. धनिकाच्या घरचा तूपभात आणि मजुराच्या घरचा कोरडा भात एकदा मिसळला, की कोणाचा कोणता, हे देवालाच ठाऊक. झोळीत पहिली ओळ नसते. जो भिक्षुक झोळीचे अन्न खातो आणि सभेत मात्र देणाऱ्यांना रकमेप्रमाणे ओळीत बसवितो, तो आपल्याच भिक्षेचा अर्थ विसरला. त्याने श्रम केला नाही म्हणून तो दोषी नाही. ज्यांच्या श्रमावर तो जगतो त्यांना त्याने मागे बसविले म्हणून दोषी आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. देणगीदारांचा सत्कार केला नाही तर आश्रम चालावेत कसे? छप्पर कोणी घालावे, ग्रंथ कोणी छापावेत? हा प्रश्न खरा आहे आणि दात्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. त्यांच्यातील कित्येकांचे द्रव्यही कष्टाचेच असते. परंतु दात्याच्याच हिताचा विचार करावा. त्याने दान दिले ते देवाप्रीत्यर्थ. मी ध्वनिक्षेपकावर त्याचे नाव व रक्कम वाचली, शाल घातली, टाळ्या मिळवून दिल्या. पुढच्या वर्षी तो देईल ते कशासाठी देईल? कठियाला बिघडविणारे लोक भलेच होते. त्यांनी स्तुतीच केली. दात्याच्या बाबतीत ते लोक आम्ही झालो. त्याच्या दानाचे फळ कीर्तीवर आणून ठेवण्याचे काम आमच्या कागदाने केले. म्हणजे एकाच वाचनाने आम्ही दोघांचे नुकसान करीत होतो : राबणाऱ्याचा मान बुडवीत होतो आणि देणाऱ्याचे फळ.

हिशेब अवश्य ठेवावा. आलेला पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे ज्यास पाहावयाचे असेल त्यास दाखवावे. त्यावाचून संस्थेवर विश्वास राहणार नाही. परंतु हिशेब आणि सत्कार या दोन वस्तू भिन्न आहेत. हिशेब वहीत असतो, त्यास व्यासपीठ लागत नाही.

या विचारानंतर त्या आश्रमात कागद वाचणे आम्ही बंद केले. त्याची किंमत द्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. एक नियमित दाते त्या वर्षी आले नाहीत आणि सभामंडपाच्या छपराचे काम वर्षभर लांबले. एका पावसाळ्यात आम्ही ताडपत्रीखाली प्रवचन केले. पंगतीत ओळींचा क्रम ठेवला नाही. जो येईल तो रिकाम्या जागी बसू लागला. त्या वृद्ध बाईस मी आग्रहाने म्हटले, "आई, या वेळी तू आधी बस." ती बसली नाही. वाढणारे हात कमी होते, एवढेच कारण तिने सांगितले. तिला बसवून मी तिच्यावर काही उपकार करीत होतो, असा माझा जो समज होता, तो तिथेच गळाला. तिला पहिली जागा नको होती. मीच तिला ती देऊन मोकळा होऊ पाहत होतो.

मग दुसऱ्या वेळी उपहाराच्या आदल्या दिवशी ओसरीवर जेथे बायका पत्रावळी टाचीत होत्या, तेथे मीही थोड्या अंतरावर पाने घेऊन बसलो. पान उलटे लागे, काडी मोडे, कड सुटे. दोन तासांत माझ्या हातून जेमतेम सात-आठ पत्रावळी झाल्या. ती उठून आली, एकेक पत्रावळ उचलून पाहिली, दोन बाजूला ठेवल्या आणि बाकीच्यांच्या काड्या काढून पुन्हा टाचल्या. "बाबाजी, डाळ वायते यातून," एवढेच ती म्हणाली. शास्त्र शिकताना गुरुजनांनी माझ्या चुका काढल्या होत्या, त्यानंतर इतक्या सहजपणे माझी चूक कोणी काढली नव्हती. तिला पहिल्या ओळीत बसवून जे साधले नसते ते त्या क्षणी साधले असावे. तिच्या कामात ती जाणती आहे आणि मी अजाण आहे, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळले.

मान मिळविणे कोणाच्याच हाती नाही. धनिकाला तो विकत घ्यावा लागतो आणि विकत घेतलेला टिकत नाही. श्रमिकाने तो कितीही कमावला तरी जगाने दिला नाही तर मिळत नाही. म्हणून राबणाऱ्याने कठियाला स्मरून मानाकडे पाठ फिरवावी, हे योग्य आहे. परंतु मान देणे प्रत्येकाच्या हाती आहे, आणि त्या बाबतीत कोणासही सबब नाही. आपल्या आश्रमांत, आपल्या सभांत, आपल्या घरच्या लग्नकार्यांत आपण कोणाला आधी 'या, बसा' म्हणतो, कोणाचे नाव विचारतो, कोणाच्या हातच्या कामाची चूक-बरोबर समजून घेण्याइतके त्याच्याजवळ बसतो, एवढे उपदेशी मंडळींनी आणि भिक्षुकांनीही आपल्याशी तपासून पाहावे. मुले आपली प्रवचने विसरतील. आपण कोणासाठी उठून उभे राहिलो, ते मात्र पाहून ठेवतील आणि तसेच होऊ पाहतील.

हे लिहितानाही कठिया समोर उभाच आहे. कागद वाचणे बंद केले, याचा अभिमान धरला तर ती केरसुणीही कीर्तीसाठीच फिरली असे होईल. तेव्हा त्या दोन तासांत टाचलेल्यांपैकी धड पत्रावळी दोनच निघाल्या, हे येथे नमूद करून पुरे करतो.

दंडवत प्रणाम.